दोघांनाही परकी असलेली इंग्रजी: स्टुडंट एक्स्चेंजमध्ये मुलं एकमेकांशी बोलतात कशी?

मुंबईची जपानमधल्या योकोहामाशी १९६५ पासून आणि जर्मनीतल्या श्टुटगार्टशी १९६८ पासून भगिनी-शहर म्हणून मैत्री आहे. ही दोन्ही शहरं इंग्रजी भाषकांची नाहीत. उद्या चेंबूरच्या एखाद्या शाळेतली नववीची मुलं तिथे गेली, किंवा तिथली मुलं चेंबूरला आली, तर दोघांना जोडणारी भाषा बहुधा इंग्रजीच असेल. आणि ती दोघांपैकी कुणाचीच मातृभाषा नसेल.

अशा दौऱ्याची नोटीस शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली की पालकांच्या मनात आधी खर्चाचा प्रश्न येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, 'आपल्या मुलाचं इंग्रजी तेवढं चांगलं आहे का?' मूल मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातलं असेल तर या प्रश्नापाशीच फॉर्म बाजूला पडू शकतो. पण 'चांगलं इंग्रजी' म्हणजे काय, हे समोर कोण बसलंय यावर ठरतं. समोरचाही शब्द शोधत बोलणारा असेल, तर उपयोगी पडणारी कौशल्यं वेगळी असतात. आणि चेंबूरमध्ये वाढलेल्या मुलाकडे त्यातली बरीचशी आधीच असतात.

एक्स्चेंज आणि सहल यात फरक काय?

सहलीत मुलं हॉटेलात राहतात, बसमधून शहर पाहतात आणि दिवसभर आपसातच बोलतात. एक्स्चेंजमध्ये दोन शाळांची जोडी जमते. पाहुणा विद्यार्थी यजमान विद्यार्थ्याच्या घरी राहतो, त्याच्यासोबत शाळेत जातो, आणि पुढे यजमान मुलं परतभेटीला येतात. शाळा-शाळांमधले असे दौरे बहुतेक वेळा काही दिवसांचे किंवा दोन-तीन आठवड्यांचे असतात. काही संस्थांचे कार्यक्रम मात्र संपूर्ण शैक्षणिक वर्षाचे असतात.

या कल्पनेला युद्धाची पार्श्वभूमी आहे. पहिल्या महायुद्धात जखमींसाठी रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या गटातून 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' ही संस्था उभी राहिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, तिने १० देशांमधल्या ५२ विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकायला नेलं. एकमेकांच्या घरात राहिलेली मुलं मोठेपणी एकमेकांवर सहजासहजी बंदूक रोखणार नाहीत, अशी त्यामागची आशा होती. आज हीच संस्था एएफएस नावाने भारतासह अनेक देशांत काम करते. फ्रान्स आणि जर्मनीने १९६३ मध्ये दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालयच सुरू केलं. तिथे भर होता एकमेकांची भाषा शिकण्यावर. दोन शेजारी देशांना ते जमतं. चेंबूरच्या मुलांनी जपानी आणि योकोहामाच्या मुलांनी मराठी शिकून मग भेटायचं ठरवलं, तर भेट होता होता शाळाच संपेल. म्हणून मधली भाषा लागते.

विमानात न बसताही अशी देवाणघेवाण करता येते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी दाखवलं. २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइज' हा १० लाख डॉलरचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या त्यांच्या उपक्रमात भारत, पाकिस्तान, इस्रायल, पॅलेस्टाइन अशा, एकमेकांशी तणाव असलेल्या देशांतली मुलं इंटरनेटवरून जोडली गेली. विशेष म्हणजे गावातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे लक्षात आल्यावर डिसले स्वतः कन्नड शिकले. दुसऱ्याला समजावं म्हणून आपण एक पाऊल पुढे जायचं, हे एक्स्चेंजचं मूळ सूत्र त्यांनी आधी वर्गातच वापरलं होतं.

इंग्रजी कोणाकडे जास्त?

'परदेशातली मुलं म्हणजे फाडफाड इंग्रजी' हा समज आधी तपासायला हवा. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. जपानमध्ये इंग्रजी हा प्राथमिक शाळेतला औपचारिक विषय झाला तो २०२० मध्ये, आणि तोही पाचवी-सहावीसाठी. जर्मनीत बऱ्याच राज्यांत सुरुवात साधारण तिसरीपासून होते. म्हणजे चेंबूरच्या मराठी शाळेतल्या नववीच्या मुलीने योकोहामातल्या मुलीपेक्षा इंग्रजीचे जास्त तास बसून काढलेले असण्याची शक्यता मोठी आहे. तास जास्त म्हणजे सफाई जास्त असं नाही, पण 'आपण मागे आहोत' ही धास्ती तरी त्यातून कमी व्हावी.

श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे मातृभाषकांचे देश. त्याबाहेर भारतासारखे, जिथे इंग्रजी परकी असली तरी शिक्षण, न्यायालयं आणि कार्यालयांत मुरलेली आहे. सगळ्यात बाहेर जपान-जर्मनीसारखे, जिथे ती मुख्यतः परदेशी भाषा म्हणून शिकली जाते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या दर एका माणसामागे ती नंतर शिकलेले सुमारे तीन जण आहेत, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी मांडला आहे. त्यामुळे जगात इंग्रजीत होणाऱ्या कितीतरी गप्पांमध्ये एकही 'गोरा साहेब' हजर नसतो.

संवाद नेमका कुठे अडतो?

मातृभाषा नसलेल्या लोकांमधल्या इंग्रजीचा अभ्यास गेली काही दशकं चालू आहे. व्हिएन्ना विद्यापीठातल्या बार्बरा झाइडलहोफर यांच्या पुढाकाराने अशा खऱ्याखुऱ्या संभाषणांचा सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यांच्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट वर्गातल्या लाल पेनाला चकित करणारी आहे. 'शी गोज'ऐवजी 'शी गो' म्हटलं, 'अ' आणि 'द' इकडचे तिकडे झाले, तरी समजण्यात सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती एकाला ठाऊक असलेला वाक्प्रचार दुसऱ्याला ठाऊक नसतो तेव्हा. 'सोपं आहे' म्हणायच्या जागी कुणी 'पीस ऑफ केक' म्हटलं, तर समोरचा केक शोधत बसतो.

उच्चारांबाबत ब्रिटिश अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली असंच वर्गीकरण मांडलं. 'थिंक' आणि 'धिस'मधला जिभेचा खास इंग्रजी उच्चार जमला नाही तरी बिघडत नाही. पण स्वर लांब की आखूड, आणि वाक्यात जोर कोणत्या शब्दावर, हे चुकलं तर अर्थ बदलतो. मराठी मुलांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण मराठीत 'इ'चं ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना कटाक्षाने पाळलं जातं आणि बोलताना बरंचसं पुसलं जातं. त्यामुळे 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे निघून जाणे यांत गल्लत होते. 'मला इथे राहायला आवडेल' आणि 'मला इथून जायला आवडेल' यांतला फरक यजमान काकूंना कळायलाच हवा.

खरी गंमत, आणि कधीकधी खरा मनस्ताप, मात्र व्याकरणाच्या पलीकडे असतो. प्रत्येक जण इंग्रजी शब्द वापरतो, पण त्यात अर्थ आपल्या घरचा भरतो.

- वेळ: जर्मन भाषेत 'अर्धा आठ' म्हणजे साडेसात. तिथला मुलगा इंग्रजीत 'हाफ एट' म्हणाला तर त्याच्या मनात साडेसात असू शकतात. ब्रिटिश माणसाच्या तोंडी तेच शब्द साडेआठ सांगतात. बस एक तास आधी सुटू शकते.
- निरोप: मराठी घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. त्याचं शब्दशः 'आय ॲम कमिंग' केलं, तर यजमान दार उघडं ठेवून वाट बघत बसतील.
- शब्द: जर्मन मुलाचा 'हँडी' म्हणजे मोबाइल. जपानी मुलीचं 'मॅन्शन' म्हणजे फ्लॅटची इमारत. आपला 'टिफिन', 'आउट ऑफ स्टेशन', 'कझिन ब्रदर' आणि 'गुड नेम' हे त्यांच्यासाठी तितकेच अनोळखी.
- आकडे: लाख आणि कोटी भारतीय उपखंडाबाहेर फारसे कुणाला कळत नाहीत. जर्मनीत दशांश चिन्हासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे '२,५०० किलो' म्हणजे अडीच हजार किलो नव्हे, अडीच किलो.
- होकार: जपानी संभाषणातला 'हाय' कित्येकदा 'मी ऐकतोय' एवढंच सांगतो, 'मला मान्य आहे' असं नाही. आपली डावी-उजवीकडे डोलणारी मानही परक्याला बुचकळ्यात टाकते.
- नकार: पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हणायचं आणि घरच्यांनी आग्रह करायचा, ही आपली रीत. जर्मन घरात 'नो, थँक यू' म्हटलं की भांडं पुढे सरकतं आणि मूल अर्धपोटी झोपतं. उलट जर्मन पाहुणी चेंबूरला आली आणि तिने मनापासून 'नो' म्हटलं, तरी आजी तिसरी पोळी वाढतेच.

यातली एकही चूक इंग्रजीच्या पेपरात पकडली जात नाही. नव्वद गुण मिळवणारं मूलही इथे अडखळू शकतं.

चेंबूरच्या मुलाला हे आधीच येतं, ते कसं?

चेंबूरची वस्ती कशी घडली ते पाहिलं की हे लक्षात येतं. जुन्या गावठाणातले मूळ रहिवासी होतेच. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि चेंबूर कॅम्प वसला. १९५० च्या दशकात जवळच तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आणि माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण प्रकल्प आले. त्यांच्यासोबत देशभरातली माणसं कामाला आली. दाक्षिणात्य कुटुंबांची मोठी वस्ती झाली. टिळकनगरसारख्या वसाहतींत मराठी कुटुंबं राहायला आली. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. चेंबूरमध्येच अजीजबागेत महापालिकेची सीबीएसई शाळाही आहे.

एवढ्या भाषांची माणसं भाजी कशी घेतात, रिक्षा कशी ठरवतात, सोसायटीच्या सभेत भांडतात कशी? मुंबईच्या हिंदीत. ही हिंदी फारच थोड्यांची घरची भाषा आहे. तिचं व्याकरण उत्तर प्रदेशातल्या शिक्षकाला ऐकवणार नाही. पण तिच्यात व्यवहार होतो, मैत्री होते, प्रेमही जमतं. तमिळ शेजारी अडखळला की मराठी माणूस आपोआप सोपा शब्द शोधतो, हात वापरतो, 'मतलब क्या, ये वाला?' असं विचारून खात्री करतो आणि कुणी कुणाचं लिंग-वचन दुरुस्त करत बसत नाही.

एक्स्चेंजमधली इंग्रजी अगदी अशीच चालते. समोरच्याच्या पातळीला येणं, एकच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणं, न कळल्यास न लाजता विचारणं, चूक सोडून अर्थ धरणं. फरक इतकाच की मुंबईच्या हिंदीत चूक झाली तर कुणी हसत नाही, आणि इंग्रजीत चूक झाली की आपणच आपल्याला हसतो. हिंदीत जो मोकळेपणा आहे तो इंग्रजीत नेता आला, तर निम्मी तयारी तिथेच होते.

जिथे 'चालतंय की' चालत नाही

मोकळेपणाला मर्यादाही आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची हवेत टक्कर झाली आणि ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि त्यातल्या कर्मचाऱ्यांचं अपुरं इंग्रजी हा तपासात पुढे आलेला एक महत्त्वाचा मुद्दा होता. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या पातळ्या ठरवल्या आणि २००८ पासून त्या लागू झाल्या. या क्षेत्रात सूचना ऐकली की नुसतं 'हो' म्हणून भागत नाही, ती आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून दाखवावी लागते.

मुलांच्या दौऱ्यातही काही गोष्टी याच शिस्तीच्या असतात: कशाची ॲलर्जी आहे, कोणतं औषध चालू आहे, कुठे आणि किती वाजता भेटायचं, कोणत्या स्टेशनवर उतरायचं. तिथे 'ओके' म्हणून मान डोलावू नये, ऐकलेलं परत सांगावं. 'म्हणजे साडेसात, सेव्हन थर्टी, शाळेच्या फाटकाशी, बरोबर?' एवढं एक वाक्य पुरतं. 'सेव्हन थर्टी' हा घड्याळातला आकडा असल्याने 'हाफ'चा घोळच होत नाही.

खाण्याचंही तसंच. 'व्हेजिटेरियन' शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. जपानमध्ये भाज्यांच्या सूपमध्येही माशांपासून केलेला 'दाशी' नावाचा अर्क असू शकतो. म्हणून 'मी शाकाहारी आहे' म्हणण्यापेक्षा मांस, मासे, अंडी आणि त्यांचा रस्सा यांतलं काय चालत नाही याची यादी यजमान देशाच्या भाषेत लिहून घेऊन कार्ड खिशात ठेवणं जास्त सुरक्षित. आपत्कालीन क्रमांकही पाठ हवेत. युरोपीय संघातल्या देशांत ११२. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११०.

निवड करताना कुठे चुकतं?

मुलांची निवड इंग्रजीतल्या भाषणावर किंवा मुलाखतीवर झाली, तर पाठ केलेलं सफाईदार बोलणारं मूल पुढे जातं. पण भाषणात समोरच्याचं ऐकावं लागत नाही, आणि एक्स्चेंजमध्ये निम्मं काम ऐकण्याचंच असतं.

त्यापेक्षा सोपी चाचणी अशी. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावं. एकाच्या हातात चेंबूर स्टेशनपासून शाळेपर्यंतचा नकाशा द्यावा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने इंग्रजीत रस्ता सांगायचा, दुसऱ्याने काढायचा. शिक्षकांनी व्याकरणाऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: न कळल्यावर मूल विचारतं का, सांगितलेलं कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगतं का, आणि अडखळणाऱ्याला वेळ देतं का. ही परीक्षा मराठी माध्यमातलं मूलही जिंकू शकतं.

तयारीसाठीही महागडा स्पोकन इंग्लिशचा क्लास लागतोच असं नाही. रोज दहा मिनिटं वर्गातल्या वेगळ्या भाषेच्या मित्राशी इंग्रजीत बोलणं, 'प्लीज से इट अगेन', 'डू यू मीन धिस?', 'आय डोन्ट नो द वर्ड, बट इट इज लाइक...' अशी चार-पाच वाक्यं जिभेवर बसवणं, आणि वडापाव, भिशी, दहीहंडी यांसारख्या गोष्टी सोप्या इंग्रजीत समजावून पाहणं, एवढ्यानेही खूप फरक पडतो. ज्या मुलाला इंग्रजी सफाईने येतं त्यानेही वेग कमी करण्याचा सराव करावा. गटात अनेकदा तोच समजायला सगळ्यात अवघड असतो.

इंग्रजीपलीकडे काय?

इंग्रजी ही दोन मुलांमधली मधली जागा आहे, घर नव्हे. यजमान कुटुंबातले आजी-आजोबा तिथे पोहोचतीलच असं नाही, ना श्टुटगार्टमधले, ना चेंबूरमधले. म्हणून जाण्याआधी त्यांच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द शिकून घ्यावेत: नमस्कार, धन्यवाद, छान झालंय, पोट भरलं, उद्या भेटू. परतभेटीच्या वेळी पाहुण्यांनाही तसंच मराठी शिकवावं. 'बस, पोट भरलं' हे वाक्य आलं तर आजीची तिसरी पोळी थांबू शकते.

दौऱ्याचा खर्च ही अनेक घरांसाठी खरी भिंत आहे आणि ती भाषेच्या तयारीने पडत नाही. त्यासाठी पूर्ण शिष्यवृत्ती देणारे कार्यक्रम शोधावे लागतात. उदाहरणार्थ, अमेरिकन सरकारच्या खर्चाने चालणारा, २००२ मध्ये सुरू झालेला केनेडी-लुगर कार्यक्रम, ज्यात भारतातल्या शालेय विद्यार्थ्यांनाही अमेरिकेत वर्षभर राहण्याची संधी मिळत आली आहे. पण तिथे समोर अमेरिकन कुटुंब आणि अमेरिकन शाळा असते, त्यामुळे इंग्रजीची अपेक्षाही जास्त असते. कार्यक्रम निवडतानाच 'समोरच्यांची मातृभाषा कोणती?' हे पाहिलं, तर मुलाला नेमकी कोणती तयारी लागेल हे कळतं.

पैशांची भिंत खरी आहे. 'माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही' ही भिंत मात्र बरीचशी आपणच बांधलेली असते, आणि तिच्या पलीकडे उभं असलेलं योकोहामाचं किंवा श्टुटगार्टचं मूलही कदाचित स्वतःबद्दल तेच म्हणत असतं. पुढच्या वेळी शाळेची नोटीस आली, तर भाषेच्या भीतीने फॉर्म कोरा ठेवू नये.